शाळा होती तिथे डावीकडे

१

रस्त्याचा नंबर काढणं हे काही अवघड काम नाही. गाडी कडेला घ्यायची, मागचा पिवळा दिवा लावायचा, शिडी टेकवायची, बोल्ट सोडवायचे आणि पाटी खाली द्यायची. बोल्ट गंजलेला असला तर त्यावर तेल सोडायचं आणि तो सुटेपर्यंत शिव्या घालायच्या. शिव्यांचं खातं आमच्यात आर्लिस हुकस्ट्राकडे आहे. ती माझ्यापेक्षा बरीच तरुण, आणि तिचा आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो.

ऑक्टोबरचे दिवस होते. मका वाळून उभा होता, कापणीची यंत्रं धूळ उडवत फिरत होती. राज्याने एकोणनव्वद नंबरचा महामार्ग जिल्ह्याच्या गळ्यात घातला होता. डागडुजी परवडत नाही, वाहनं फारशी नाहीत, घ्या तुमचा तुम्हाला. जिल्हा त्याला पुढे काहीतरी नवं नाव देणार होता, पण तोवर रस्ता बिननावाचाच राहणार होता. नदीवरच्या पुलापासून सुरुवात करून आम्ही पाट्या काढत ऑरिन गावाकडे निघालो होतो.

मला वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. नंबर म्हणजे काही कुळाचं नाव नव्हे. माझ्या आजोबांच्या काळात या रस्त्याला नंबर नव्हताच. गावातल्या हौशी मंडळींनी तारेच्या खांबांवर पिवळे-काळे पट्टे मारले होते. पट्टा धरून जा, पोचाल. मग प्रत्येक गावाने पट्टे आपापल्या दुकानांवरून वळवले आणि परगावचे लोक फिरून फिरून त्याच खानावळीत परत यायला लागले. तेव्हा कुठे राज्याला अक्कल सुचली आणि नंबर आले. आमची जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत कापलेली, त्यामुळे रस्ताही शेतांच्या कडेकडेने काटकोनात वळत जायचा. पुढे गाड्यांचा वेग वाढला, काटकोनावर माणसं मरायला लागली, मग ते कोपरे कापून गोल वळणं केली. कापून उरलेले जुने तुकडे शेजारच्या शेतकऱ्यांना विकून टाकले.

त्यातलाच एक तुकडा माझ्या सासऱ्यांनी घेतला आणि त्यावर मी नि वर्लाने घर बांधलं. पाया घेताना जुनं काँक्रीट फोडता फोडता माझी कंबर मोडली. शेवटी निम्मं तसंच राहू दिलं. आमचं स्वयंपाकघर त्याच्यावरच उभं आहे.

वर्लाच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. चालायचं तर वॉकरची चौकट धरून, तेही पलंगापासून स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत. सकाळी निघताना मी तिला दहादा बजावलं की उठू नकोस. ती म्हणाली, ‘वेन्डेल टीडमन, तू कामावर जा. तू घरात असलास की माझा खुबा जास्त दुखतो.’

२

पहिली गाडी आली तेव्हा मी शिडीवर होतो. ऑरिनच्या बाजूने आली आणि आमच्यासमोर थांबली. जुन्या बनावटीची, लांब नाकाची, काळी. चालवणाऱ्याने हॅट घातलेली होती. मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं होतं, काचेवर ऊन असल्यामुळे नीट दिसलं नाही.

‘भाऊ,’ त्याने हाक मारली, ‘एकोणनव्वद कुठे गेला? इथपर्यंत नंबर होते. पुढे दिसत नाहीत.’

‘आम्हीच काढले,’ आर्लिस म्हणाली. ‘सरकारी काम. रस्ता आहे तिथेच आहे, घाबरू नका.’

‘पण नंबर नाही ना,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती.

आता, आमच्याकडे रस्ता सांगायची एक रीत आहे. असलेल्या गोष्टींवरून आम्ही रस्ता सांगत नाही, नसलेल्या गोष्टींवरून सांगतो. बँक जिथे जळाली तिथे वळा, म्हाताऱ्या ओल्सनचं झाड होतं तिथून पुढे. परक्या माणसाचा गोंधळ उडतो खरा, पण आमच्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

‘सरळ जा,’ मी शिडीवरून म्हणालो. ‘लिंडक्विस्टचं लाल कोठार होतं, त्याच्या पुढे शाळा होती. शाळा होती तिथे डावीकडे. मग पुलापर्यंत सरळ.’

त्याने समोर पाहिलं. त्याच्या पुढे रस्ता, दोन्ही बाजूंना मका, आणि लिंडक्विस्टच्या जागी कापून मोकळं झालेलं रान.

‘ते लाल ना?’ तो म्हणाला. ‘दिसतंय. बरं झालं.’

आणि गाडी निघून गेली.

आर्लिस माझ्याकडे बघत राहिली. ‘वेन्डेल, ते कोठार मी शाळेत असताना जळालं.’

‘म्हातारा आहे बिचारा. दिसलं म्हणाला म्हणून तुझं काय गेलं?’

‘माझं काही गेलं नाही. पण त्याला काय दिसलं?’

‘आर्लिस, पाना दे.’

३

मग आणखी गाड्या आल्या. सगळ्या ऑरिनकडूनच यायच्या, सगळ्या जुन्या. मी मनाशी म्हटलं, जुन्या गाड्यांच्या शौकिनांची फेरी असणार. दरवर्षी कुठे ना कुठे निघतेच. हॅटा घालतात, बायका जुने कोट घालतात, फोटो काढून घेतात. मला अगदी हायसं वाटलं. प्रत्येक गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आणि प्रत्येकजण तेच विचारायचा: एकोणनव्वद कुठे गेला? मीही तेच सांगायचो. लाल कोठार, शाळा, डावीकडे, पूल. सगळे मान हलवायचे, आभार मानायचे. कोणी म्हणालं नाही की अहो, इथे कोठार कुठाय?

आर्लिसने एव्हाना शिव्या बंद केल्या होत्या.

‘ऐक,’ ती हळूच म्हणाली. त्या वेळी एक गाडी आमच्यासमोर येऊन थांबत होती. ‘काय ऐकू येतंय?’

‘काही नाही.’

‘तेच म्हणते मी.’

रस्त्याची कड खडीची आहे. आमची गाडी तिथे घेतली की दाढेखाली शेंगदाणे फुटावेत तसा आवाज होतो. ती गाडी रस्ता सोडून खडीवर आली, थांबली, आणि खडी वाजली नाही. मी खाली उतरून बघणार होतो. का कोण जाणे, उतरलो नाही. शिडीवरूनच रस्ता सांगितला. चालवणारी बाई होती, पांढरे हातमोजे घातलेली. ‘हो, शाळा दिसली की वळायचं ना,’ ती म्हणाली. ‘मुलं बाहेर आली आहेत, सांभाळून घेते.’

ती गेल्यावर आर्लिस गाडीत जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं.

मी तिच्या शेजारी बसलो. मग ती म्हणाली, ‘तू त्यांना शाळेपाशी वळायला का सांगतोयस?’

‘म्हणजे? तिथेच तर वळण आहे.’

‘आपल्यासाठी आहे. शाळा होती तिथे वळा म्हणजे नव्या गोल वळणाने जा, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण ज्याला शाळा उभी दिसते तो कुठल्या रस्त्याने वळेल?’

शाळा जुन्या काटकोनावर होती. जुना एकोणनव्वद शाळेच्या भिंतीला लागूनच डावीकडे वळायचा आणि नाकासमोर नदीपर्यंत जायचा. तो सुरुवातीचा तुकडा आता माझ्या घराची वाट आहे. त्याच्या टोकाला माझं घर आहे. आणि घराच्या मागे, जुना पूल होता तिथपर्यंत, मका आहे.

‘फालतू बोलू नकोस,’ मी म्हणालो. पण मी घड्याळ बघितलं.

४

आमचे मोबाइल त्या भागात चालत नाहीत. जेवणाची वेळ झालीच होती, म्हणून ऑरिनच्या पेट्रोल पंपावरच्या फोनवरून घरी फोन लावला. रोजच लावतो. आर्लिस रोज चिडवते, लग्नाआधी तरी इतके फोन केले होतेस का म्हणून. त्या दिवशी मात्र ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

वर्लाने लगेच उचलला. आवाज खुशीत होता. इतके दिवस टेबलाशी एकटी बसून कंटाळली होती ती.

‘अरे, काय माणसं येतायत आज! तू पाट्या काढल्यास आणि लोक आले माझ्या उंबऱ्यावर. कॉफीचं तिसरं भांडं ठेवलंय. भोपळ्याचा केक संपला. तुझ्यासाठी ठेवलेला तुकडासुद्धा दिला, ओरडू नकोस.’

‘तू उठलीस? तुला उठायला सांगितलंय कोणी?’

‘दारात पाहुणा आल्यावर बसून राहू?’

‘कुठल्या दारात, वर्ला?’

‘कुठल्या म्हणजे? फ्रिजशेजारच्या.’

आमच्या फ्रिजशेजारी भिंत आहे. ती मी बांधली आहे. त्या बाजूला दार हवं असं वर्लाचं म्हणणं होतं आणि थंडीत वारा येईल म्हणून मीच नको म्हटलं होतं. यावरून आम्ही किती भांडलो, ते वर्ला विसरणं शक्य नव्हतं. फोनमधून कपांचा आवाज येत होता, आणि पुष्कळ माणसं अगदी हळू बोलत असावीत अशी कुजबुज.

‘ऐक,’ मी म्हणालो. ‘त्यांना जायला सांग. आत्ता.’

‘वेन्डेल! ऐकतायत ते.’ तिने आवाज खाली आणला. ‘भले लोक आहेत रे. नुसते चुकलेत. पुलाची वाट सापडत नाही म्हणतात. आणि त्यांच्यात एक बाई आहे, इतकी दमलीय, बघवत नाही. केव्हापासून त्या गाडीत बसलीय देव जाणे. तिला मी म्हटलं, तुम्ही टेकाच जरा. मी दाखवते यांना पूल. इथे तर आहे.’

‘तू कुठेही जाणार नाहीस. वर्ला, तुला चालता येत नाही!’

‘चालायचंय कुठे? गाडी आहे ना,’ ती हसत म्हणाली. ‘बरं, ठेवते. खोळंबलेत सगळे.’

मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. रिसीव्हर कुणी उचलला नाही.

५

गाडी आर्लिसने चालवली. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. वाटेत मी स्वतःला पटवत होतो की दुखण्याच्या गोळ्यांनी माणसाला भास होतात, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. वर्ला झोपेत बडबडत असेल, दार, पाहुणे, केक, सगळं गोळ्यांचं. हे मी आर्लिसलाही म्हणालो.

‘कपांचा आवाज मीही ऐकला,’ ती म्हणाली.

आम्ही लिंडक्विस्टच्या रानावरून गेलो. रान मोकळंच होतं. शाळेच्या जागी गवत होतं. आर्लिसने आमच्या वाटेवर गाडी घातली आणि चाकाखाली जुनं काँक्रीट धडधड वाजायला लागलं. घर नेहमीसारखं दिसत होतं. अंगणात एकही गाडी नव्हती. समोरचं दार बंद होतं. लख्ख ऊन पडलं होतं, दोरीवर माझे शर्ट वाळत होते. मी इतका मोठा सुटकेचा निःश्वास टाकला की आर्लिसलासुद्धा हसू आलं.

‘बघ,’ मी म्हणालो. ‘गोळ्या.’

मग ती हसायची थांबली. ती घराच्या मागे बघत होती.

मागे मका अजून कापायचा होता, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, पिवळा, कोरडा. असा मका वाऱ्याच्या झुळकेनेही कागदासारखा वाजतो. त्या मक्यातून ती काळी गाडी सावकाश नदीकडे जात होती. मक्याचं एकही धाट हलत नव्हतं. गाडी मक्याच्या मागे नव्हती आणि पुढेही नव्हती. मका होता तिथेच ती होती. मागच्या काचेतून मधोमध बसलेल्या बाईची पाठ दिसत होती. पांढरे केस. निळा कोट, मी गेल्या नाताळात आणलेला. ती हात पुढे करून चालवणाऱ्याला काहीतरी दाखवत होती.

‘वर्ला!’ आर्लिस ओरडली. सगळ्या शेतात तिचा आवाज गेला. ती गाडीतून उडी मारून धावली, मक्यात घुसली. तिच्या अंगाने मका कडाकड मोडत गेला. तो आवाज येताच मला कळलं की आतापर्यंत काहीच आवाज नव्हता.

मीही धावलो असतो. माझं पाऊल उचललंही होतं. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला आणि कोणीतरी खोकलं. वर्लाचा खोकला. सकाळी उठल्यावरचा, चिरका. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

म्हणजे वर्ला घरातच होती. मग मक्यात कोण का असेना! देवाची शपथ, त्या क्षणी मला दुसऱ्या कोणाचंही काही वाटलं नाही.

६

ती टेबलाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. अंगात तिचा करडा स्वेटर होता. टेबलभर कप होते, सगळे भरलेले, कोणी ओठ लावला नव्हता. फ्रिजशेजारी भिंत होती. मी हात लावून बघितली. गार होती, घट्ट होती.

‘वर्ला,’ मी म्हणालो, आणि मला रडूच फुटलं.

ती वळली. वर्लाचाच चेहरा. ओठाच्या कडेचा तीळ, ओव्हनची वाफ लागून मनगटावर पडलेला डाग, सगळं जागच्या जागी. मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो आणि तिचा हात धरला. हात ऊबदार होता. तिने तो ओढून घेतला नाही. अनोळखी माणूस भर रस्त्यात रडायला लागला तर आपण जसे अवघडून थांबतो, तशी ती थांबली.

‘तुम्ही पण चुकलात का?’ तिने विचारलं. ‘बसा ना. कॉफी आहे.’

ती उठली. चालायची चौकट कोपऱ्यात होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ, न लंगडता ओट्यापाशी गेली आणि कप शोधायला लागली. पहिलं कपाट उघडलं, त्यात पिठाचे डबे. मिटलं. दुसरं उघडलं, त्यात औषधं. तिसरं. इतकी वर्षं ज्या बाईने या स्वयंपाकघरात मला कधी चमचा चुकीच्या खणात ठेवू दिला नाही, ती कप कुठे आहेत ते शोधत होती. मी तिथे जमिनीवर बसून तिच्याकडे बघत होतो. बाहेर आर्लिसच्या हाका दूर दूर जात होत्या.

‘ही कॉफी तुम्ही केलीत?’ मी विचारलं. माझ्या तोंडून हेच निघालं.

‘छे, घरच्या बाईंनी. फार भल्या आहेत हो. मला म्हणाल्या, तुम्ही किती दमलात, टेका जरा. स्वतःचा कोट चढवला, आणि बसल्या गाडीत माझ्या जागेवर.’ तिला कप सापडला. तिने तो उजेडात धरला, फुंकर मारून पुसला. ‘पुलापर्यंतच जायचंय म्हणाल्या. आलेच, म्हणाल्या.’

‘मग येईल ना?’ मी विचारलं. ‘परत येईल ना ती?’

तिने खरंच विचार केला. वर्ला विचार करताना करते तशी डाव्या भुवईच्या वर आठी घातली. मग माझ्यासमोर कप ठेवला, आणि मला फार वाईट वाटू नये अशा बेताने, हळूच म्हणाली,

‘मीही तेवढ्यासाठीच बसले होते हो गाडीत. जरा पूल दाखवायला.’